छापण्याजोगे नाही

आयझॅक न्यूटन १७२७ साली गेला तेव्हा त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे राहिले ते कागद. त्यांत गणित होते, प्रकाशाचे प्रयोग होते, टांकसाळीचा हिशेब होता, बायबलची कालगणना होती आणि किमयेवर, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याच्या विद्येवर, सुमारे दहा लाख शब्द होते. यातले काय छापता येईल हे पाहण्याचे काम थॉमस पेलेट या वैद्याकडे आले. बहुतेक गठ्ठे चाळून त्याने वर शेरा मारला, की हे छापण्याजोगे नाही. शेरा छापण्यापुरता होता. पुढच्या दोनशे वर्षांत मात्र तो वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा बोलला गेला, आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा वाढत गेला: छापण्याजोगे नाही, मग सांभाळण्याजोगेही नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज असलेला न्यूटनचा संग्रह पाहताना ही वाढ लक्षात ठेवावी लागते. तिथे जे आहे त्याइतकेच जे तिथे नाही तेही या संग्रहाबद्दल बरेच सांगते.

कागद न्यूटनच्या भाचीकडे, कॅथरीन काँड्युइटकडे गेले. तिच्या मुलीचे लग्न पोर्ट्समथच्या उमराव घराण्यात झाले आणि दप्तर त्या घराण्याच्या हर्स्टबोर्न इथल्या वाड्यात पडून राहिले. १८७२ मध्ये तेव्हाच्या अर्लने त्यातले शास्त्रीय कागद विद्यापीठाला देण्याची तयारी दाखवली. कोणते कागद शास्त्रीय हे ठरवायला समिती नेमली गेली. तिच्यात जॉर्ज स्टोक्स होते, नेपच्यूनची जागा गणिताने सांगणारे जॉन अॅडम्स होते, रसायनाचे प्राध्यापक लाइव्हिंग होते आणि विद्यापीठाचे रजिस्ट्रार लुअर्ड होते. यापेक्षा जाणकार मंडळी इंग्लंडात मिळाली नसती. त्यांनी सोळा वर्षे घेतली, १८८८ साली सूची छापली, गणित आणि भौतिकी ठेवून घेतली. किमया, धर्मशास्त्र आणि कालगणनेचा बराचसा भाग वाड्यात परत पाठवला.

चूक नेमकी इथे झाली, आणि ती अडाणीपणाची नव्हती. समितीला न्यूटन कळत होता, पण १८८८ चा न्यूटन. तो शुद्ध भौतिकशास्त्रज्ञ होता. भट्टीशेजारी बसणारा किमयागार त्या चित्रात बसत नव्हता. त्यामुळे एक विचित्र फाळणी झाली. न्यूटनने स्वतः केलेल्या रासायनिक प्रयोगांच्या वह्या शास्त्रात जमा होऊन केंब्रिजला राहिल्या. ते प्रयोग ज्या ग्रंथांवरून सुचले त्यांची टिपणे आणि उतारे मात्र किमयेत जमा झाले आणि परत गेले. प्रयोग एका गावी, त्याचे कारण दुसऱ्या गावी. १९७५ मध्ये बेटी जो डॉब्स यांनी आणि पुढे विल्यम न्यूमन यांनी न्यूटनच्या किमयेचा नीट अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा ही दोन टोके पुन्हा जुळवण्याचा होता.

परत गेलेले कागद जुलै १९३६ मध्ये सॉदबीच्या लिलावात निघाले. तीनशेहून अधिक गठ्ठे, सगळ्यांचे मिळून जेमतेम नऊ हजार पौंड. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी तिथे आणि नंतर व्यापाऱ्यांकडून किमयेचा मोठा भाग गोळा केला. तो आज केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजात आहे. धर्मशास्त्राचा मोठा वाटा अब्राहम याहुदा या अभ्यासकाने घेतला आणि तो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचला. म्हणजे शेवटी वाचले की, असे कोणी म्हणेल. वाचले खरे, पण दोन माणसांच्या नादामुळे, कुठल्या व्यवस्थेमुळे नव्हे. आणि तुलनेसाठी एक आकडा: २००० साली केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मॅकल्सफील्ड घराण्याकडचा न्यूटनचा पत्रव्यवहार आणि कागद विकत घेतले, तेव्हा साठ लाखांहून जास्त पौंड मोजावे लागले.

माझे म्हणणे एवढेच आहे, की व्यक्तीचे दप्तर घ्यायचे तर अख्खे घ्यावे, आणि त्याच्या आत निवड करू नये. यावर पहिला आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे. कुठलाही दप्तरखाना सगळे कागद ठेवू शकत नाही. कार्यालयांच्या पावत्या आणि छापील प्रतींचे ढीग काढूनच टाकावे लागतात. पण कोणाचे दप्तर घ्यावे हा प्रश्न वेगळा आणि एका माणसाच्या मेजावरचे काय फेकावे हा वेगळा. पहिला सोडवताना संस्था स्वतःच्या मर्यादा ओळखते. दुसरा सोडवताना ती त्या माणसाच्या डोक्यात काय असायला हवे होते ते ठरवू लागते. समितीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. परत पाठवलेल्या कागदांचीही तिने सूचीत नोंद केली. ती नसती तर काय विखुरले हेही कळले नसते.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. न्यूटनला ख्रिस्ती धर्मातला त्रिमूर्ती देव मान्य नव्हता, आणि हे त्याने जन्मभर लपवले (त्यातली बरीच वर्षे ट्रिनिटी म्हणजे त्रिमूर्ती याच नावाच्या कॉलेजात राहून). १६६२ सालच्या एका वहीत त्याने लघुलिपीत स्वतःच्या पापांची यादी केली आहे. हे जगापुढे यावे असे त्याला वाटले नसणार. पण यासाठी दप्तरखान्यांकडे जुना उपाय आहे: ठरावीक वर्षे कागद बंद ठेवणे. लाज मुदतीने ओसरते. जाळलेला कागद कुठल्याच मुदतीने परत येत नाही. तिसरा आक्षेप आजचा: १९९८ पासून न्यूटन प्रोजेक्ट सगळीकडचे कागद एका जागी वाचायला देतो आहे, २०११ पासून केंब्रिजची हस्तलिखिते पडद्यावर दिसतात, मग मूळ कुठे का असेना. पडदा अक्षरे जोडतो हे मान्य. पण कुठले पान कुठल्या पानाला लागून होते, हे गठ्ठा एकदा सुटला की छायाचित्रातून सांगता येत नाही.

केंब्रिजमधलेच दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातली पाने मद्रास विद्यापीठाने १९२३ मध्ये गणितज्ञ हार्डींकडे पाठवली. तिथून ती दुसरे गणितज्ञ जी. एन. वॉटसन यांच्याकडे गेली. १९६५ मध्ये वॉटसन वारल्यावर त्यांच्या अभ्यासिकेत फूटभर उंचीचा कागदांचा थर जमिनीवर पसरलेला होता आणि तो थोड्याच दिवसांत जाळायचा होता. गणितज्ञ व्हिटेकर यांनी त्यात हात घालून जी चळत वर काढली, ती निघाली रामानुजन यांची. गणितज्ञ रँकिन यांनी ती १९६८ मध्ये ट्रिनिटीच्या रेन ग्रंथालयात धाडली, आणि १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांनी वॉटसन यांचे कागद पाहताना ती ओळखली. 'हरवलेली वही' हे तिचे नाव तसे फसवेच. ग्रंथालयात आल्यावर ती हरवलेली नव्हतीच, ओळखणारा यायचा होता. आठ वर्षे कोणी न पाहताही ती तिथे होती.

न्यूटनच्या कागदांत एक जाड वही आहे, तिला 'वेस्ट बुक' म्हणतात. ती मुळात त्याच्या सावत्र बापाची, एका पाद्र्याची. त्याने पानांच्या माथ्यावर धर्मशास्त्राचे मथळे घालून ठेवले होते आणि खाली फारसे काही लिहिलेच नव्हते. कागद महाग, पाने कोरी. म्हणून तरुण न्यूटनने त्या मथळ्यांखाली कलनशास्त्राची मांडणी सुरू केली. सुटे कागद असते तर समितीने मथळ्यांची पाने धर्मशास्त्रात आणि गणिताची गणितात घातली असती. ही बांधीव वही होती, त्यामुळे पाद्र्याचे मथळे गणितासोबत केंब्रिजला आले.