सियालदहची खिडकी आणि वेबिनारची नोंदणी

कोलकात्यातील सियालदह स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर मुंबई-नागपूर प्रवासाचे तिकीट मिळते, याचे आज कोणास नवल वाटत नाही. मात्र केवळ संगणक आल्याने ही सोय झाली नाही. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली; परंतु प्रत्येकाची नोंद स्वतंत्र होती. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने विकसित केलेल्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीमुळे १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली.

अशा जोडणीत खिडकीवरील मागणी त्या गाडीची नोंद असलेल्या केंद्राकडे जाते, तेथे आसन राखले जाते आणि उत्तर परत येते. मध्येच संपर्क तुटला तर आसन अडकेल, पण तिकीट निघणार नाही. म्हणून व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाहीतर मुळीच झाला नाही असे मानले जावे, हा जोडणीचा पहिला नियम होय. बँकेत एका खात्यास रक्कम नावे पडते तेव्हा दुसऱ्या खात्यात ती जमा झालीच पाहिजे, यामागेही हेच तत्त्व आहे.

वेबिनारच्या आयोजनात हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा राहतो. नोंदणीचा अर्ज, दृक्‌श्राव्य सभा, ई-मेल आणि उपस्थितीपत्रक या चार निरनिराळ्या सेवा असतात. एकीतील नावे दुसरीत हाताने उतरवताना नावे गळतात, पत्ते चुकतात. त्याऐवजी गरजेनुसार लिहिलेली छोटी आज्ञावली या सेवांना जोडू शकते. अर्ज भरला जाताच अर्जसेवा तशी सूचना आपोआप पाठवते. तिला ‘वेबहुक’ म्हणतात. आज्ञावली ती सूचना वाचून सभासेवेच्या ‘एपीआय’ या अधिकृत प्रवेशद्वारातून नाव नोंदवते, दुवा पाठवते, आदल्या दिवशी स्मरण देते आणि शेवटी उपस्थिती नोंदवते.

उत्तर वेळेत न मिळाल्यास अशी सूचना पुन्हा पाठवली जाऊ शकते. यासाठी प्रत्येक अर्जास स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास दुसरी नोंद करू नये. फसलेल्या नोंदींची वेगळी यादी ठेवून ती रोज एखाद्या कर्मचाऱ्याने तपासावी. यंत्राने उतरवण्याचे श्रम वाचतात, जबाबदारी मात्र माणसाकडेच राहते.

नावे व भ्रमणध्वनी क्रमांक ही सहभागी व्यक्तींची ठेवच असते. म्हणून आवश्यक तेवढीच माहिती पुढील सेवेस द्यावी, प्रवेशाची गुप्त किल्ली आज्ञावलीत उघडी लिहू नये आणि काम संपताच अनावश्यक माहिती पुसून टाकावी. ग्राहकांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी: वेबिनारच्या नोंदणीसाठी बँक खात्याचा पिन, पासवर्ड वा ओटीपी कोणास सांगण्याची गरज नसते. तशी मागणी झाल्यास तो अर्ज तेथेच सोडून द्यावा.