सूचीवेध, शूल आणि शोथ : ॲक्युपंक्चरकडे वैद्याने कसे पाहावे?

कटिशूल, मानदुखी, गुडघेदुखी घेऊन येणारा रुग्ण आज वैद्यास औषधाइतकाच सुईविषयी विचारतो. 'ॲक्युपंक्चरने गुण येईल का?' हा प्रश्न पुष्कळदा औषधविक्रेत्यासही ऐकावा लागतो. उत्तर देताना आपल्यापैकी काही जण ही पद्धती परकी म्हणून झटकून टाकतात, तर काही जण 'हे सारे आमच्या सुश्रुताचेच' असे म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. परंतु रुग्णाच्या उपयोगाची नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही एकच मुद्दा वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवू इच्छितो : शूल शमणे आणि शोथ शमणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्या कार्यात सुईचा उपयोग बऱ्याच अंशी दिसून आला आहे. दुसऱ्या कार्यात तो अवस्थेवर अवलंबून असावा, असे संशोधन सुचविते. हा भेद विसरला तर हानी रुग्णाची होते.

साम्य किती आणि भेद किती?

ॲक्युपंक्चरचा मूळ आधार म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग' हा प्राचीन चिनी ग्रंथ. त्याच्या 'लिंगशू' या भागात सुयांचा व त्यांच्या प्रयोगाचा विस्तृत विचार आहे. आपल्याकडे सुश्रुताने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यधाचा विधी सांगितला असून गृध्रसीत जानुसंधीच्या वर किंवा खाली चार अंगुळांवर वेध सांगितला आहे. सायटिकेसाठी गुडघ्याखालच्या बिंदूंवर सुई टोचणारा चिनी वैद्य पाहिला की हे साम्य डोळ्यांत भरते. तथापि सिराव्यधाचा हेतू रक्तमोक्षण हा आहे, तर ॲक्युपंक्चरची केसासारखी बारीक सुई रक्त काढण्यासाठी नसतेच. तसेच १०७ मर्मे म्हणजेच ॲक्युपंक्चरचे बिंदू, हे समीकरणही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत ३६१ बिंदू आहेत आणि ते टोचण्यासाठी आहेत. मर्मे मात्र शस्त्रकर्मात जपावयाची स्थाने आहेत. नाते शोधावे, पण नात्याच्या हौसेपोटी शास्त्र वाकवू नये.

महाराष्ट्राचा आणि चीनचा वैद्यकीय ऋणानुबंध मात्र खरा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ही चिकित्सा सुरू केली.

शूलशमनाविषयी काय सिद्ध आहे?

पाश्चात्त्य जगात या विद्येचा बोलबाला झाला तो १९७१ मध्ये. जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराची बीजिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या त्रासासाठी त्यांना सुया टोचण्यात आल्या. शस्त्रक्रिया नेहमीचे भूल देणारे इंजेक्शन देऊनच झाली होती. परंतु 'सुईने भूल देऊन पोट उघडले' अशी समजूत पसरली. अतिशयोक्तीची ही सवय या विषयास तेव्हापासून जडली आहे.

यानंतर गंभीर संशोधनही झाले. १९७६-७७ मध्ये असे दिसले की, अफूच्या परिणामाचा प्रतिबंध करणारे नॅलोक्झोन दिल्यास सुईने मिळणारे वेदनाशमन कमी होते. म्हणजे एंडॉर्फिनादी शरीरातीलच वेदनाशामक द्रव्ये येथे कार्य करतात. बीजिंगचे हान जिशेंग यांनी दाखविले की, विद्युत्-सुईच्या मंद आणि शीघ्र कंपनसंख्येनुसार निरनिराळी द्रव्ये स्रवतात. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुई टोचून फिरविल्यावर त्या जागी ॲडेनोसिन वाढते व तेही वेदना कमी करते, असे आढळले.

रुग्णांवरील चाचण्यांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. जर्मनीत जुनाट कटिशूलाच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त सुईने ४७.६ टक्के, बिंदू सोडून भलतीकडे उथळ टोचलेल्या सुईने ४४.२ टक्के आणि रूढ उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांस गुण आला. रूढ उपचारांपेक्षा सुई सरस ठरली. पण खरी सुई आणि खोटी सुई यांत फारसे अंतर राहिले नाही. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, मात्र हा फरक लहान होता. इंग्लंडच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने कटिशूलासाठी २००९ मध्ये ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी या उपचाराचा विचार करावा असे सुचविले. यावरून वैद्याने एवढे घ्यावे की, जुनाट शूलात सुई हे एक मान्य साहाय्यक साधन आहे. ते रामबाण नव्हे आणि थोतांडही नव्हे.

शोथाचा प्रश्न वेगळा

शोथशमनाविषयीचे सर्वांत लक्षवेधी काम अद्याप प्रामुख्याने उंदरांवरचे आहे. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगास असलेला 'त्सूसानली' हा चिनी परंपरेतील सुप्रसिद्ध बिंदू. तेथे सौम्य विद्युत्-सुई दिल्यास प्राणदा नाडीच्या, म्हणजे व्हेगसच्या मार्गाने अधिवृक्क ग्रंथीपर्यंत संदेश पोहोचतो आणि सार्वदेहिक शोथ कमी होतो. २०२१ मध्ये या परिणामास आवश्यक असलेले संवेदी चेतातंतूही ओळखले गेले. ते पायाच्या खोल आवरणांत असतात, पोटाच्या आवरणात नसतात. म्हणजे कोठे टोचावे यास शरीररचनेचाही आधार असू शकतो.

आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो २०२० मधील निष्कर्ष. पोटावरच्या बिंदूवर तीव्र विद्युत्-सुई दिली असता दुसरा मार्ग जागृत होतो. हीच उत्तेजना शोथ निर्माण होण्यापूर्वी दिली तर तो कमी झाला. शोथ भरात असताना दिली तर तो वाढला. बिंदू तोच, तीव्रताही तीच. केवळ अवस्था पालटली आणि फळ उलटे झाले.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास यात आश्चर्य वाटू नये. सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था सांगितल्या. आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही त्याने सारखेच दोषी ठरविले. उंदरांवरील निष्कर्ष तसाच माणसास लावता येणार नाही हे खरे. पण 'शोथ आहे, सुई टोचा' इतके सोपे हे प्रकरण नाही, एवढा इशारा त्यातून निश्चित मिळतो.

वेदना गेली, व्याधी राहिली

या भेदाचे व्यावहारिक मोल एका उदाहरणावरून ध्यानी यावे. आमच्या चिकित्सालयात पन्नाशीच्या एक भगिनी आल्या. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज, सकाळी तासाहून अधिक काळ जखडणे. अन्यत्र आठ महिने त्यांनी सुयांचा उपचार घेतला होता. वेदना निम्म्याहून कमी झाली होती आणि त्या समाधानी होत्या. 'आता बरे वाटते' म्हणून संधिरोगतज्ज्ञांनी दिलेली आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी आपणच थांबविली होती. तपासणीत ईएसआर व सीआरपी वाढलेले आढळले आणि क्ष-किरण चित्रात सांध्यांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. वेदना खरोखरच कमी झाली होती, यात शंका नाही. पण वेदना हा आमवाताचा पहारेकरी होता. तो झोपला आणि घरात चोरी चालूच राहिली. आम्ही त्यांना तज्ज्ञांकडे परत पाठविले आणि त्यांच्या संमतीनेच आपली चिकित्सा जोडीस ठेवली. सुईने आमवातातील सांध्यांची झीज थांबते असे सिद्ध झालेले नाही, हे रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगणे हा आपला धर्म आहे.

चिकित्सालयातील दक्षता

सुई स्वतः टोचावी वा अन्य जाणकाराकडे रुग्ण पाठवावा. दोन्ही बाबतींत पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी आमची सूचना आहे.

१) वेदना आणि शोथ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. वेदना शून्य ते दहा या मापाने. शोथ फितीने मोजलेला घेर, सकाळच्या जखडण्याची मिनिटे आणि आवश्यक तेथे सीआरपी यांवरून. वेदना उतरली पण दुसरा रकाना हलला नाही, तर निदान पुन्हा तपासावे.

२) एकच सांधा लाल, उष्ण, सुजलेला व सोबत ज्वर, कटिशूलासह मूत्रावरोध किंवा गुदप्रदेशी बधिरता, अकारण वजन घटणे : अशा रुग्णास सुई न टोचता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

३) रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, हे विचारल्याविना सुई हाती घेऊ नये. पेसमेकर असलेल्यास विद्युत्-सुई देऊ नये. छाती व खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसास छिद्र पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

४) सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावी.

५) 'महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सापद्धती अधिनियम, २०१५' या कायद्याने राज्यात या पद्धतीसाठी स्वतंत्र परिषद व नोंदणीची तरतूद झाली आहे. पाटीवर 'ॲक्युपंक्चर' हा शब्द लिहिण्यापूर्वी आपल्या नोंदणीची स्थिती पाहून घ्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंचाही यात मोठा वाटा आहे. सुईमुळे रुग्णाच्या वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या तर आनंदच आहे. जठर आणि वृक्क या दोहोंचे त्यात रक्षण होते. परंतु स्टेरॉइड वा मेथोट्रेक्सेट नेणारा रुग्ण 'सुया चालू केल्या, आता हे नको' म्हणू लागला, तर त्यास थांबवून वैद्याकडे धाडावे. स्टेरॉइड एकाएकी सोडल्याने जीवावर बेतू शकते. औषधाच्या दुकानात उच्चारलेले असे एक वाक्य कित्येकदा चिकित्सेइतकेच मोलाचे ठरते.

परकी विद्या स्वीकारताना आपल्या शास्त्राने आपणास दिलेली दृष्टी बाजूस ठेवावयाची नसते. देश, काल, बल, अवस्था पाहून प्रयोग करणे, ही ती दृष्टी होय. सुई चीनची असो वा सुश्रुताची, ती हाती घेण्यापूर्वी शमवावयाचे आहे ते शूल की शोथ, आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न प्रत्येक वैद्याने स्वतःस विचारावा, इतकीच आमची विनंती.