व्हिसाच्या खिडकीपुढची तीन मिनिटे

आपल्या मंडळाच्या संमेलनात साठीपुढचे चार डॉक्टर एकत्र बसले, की गुडघे आणि रक्तदाब यांच्या पाठोपाठ तिसरा विषय हमखास निघतो, तो अमेरिकेच्या व्हिसाचा. आमची पिढी दांडिया बाजाराच्या परिसरात वाढली आणि बडोद्यातच स्थिरावली. पुढची पिढी सातासमुद्रापलीकडे गेली. नातवंडांचे तोंड पाहायचे, तर आधी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील काचेच्या खिडकीपुढे उभे राहणे आले. मी तेथे दोनदा उभा राहिलो. एकदा अनुत्तीर्ण झालो, एकदा उत्तीर्ण. संपादकांच्या आग्रहावरून तो अनुभव आणि त्यामागील कारणमीमांसा येथे मांडत आहे.

साल २०१७. न्यू जर्सीत असलेल्या आमच्या कन्येचे पहिले बाळंतपण सप्टेंबरमध्ये अपेक्षित होते. जुलैमध्ये मी आणि सौ. रात्रीच्या गाडीने मुंबईस गेलो. आदल्या दिवशी बोटांचे ठसे व छायाचित्र झाले, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. हाती दोनशे पानांची फाईल होती : घराचे दस्त, मुदतठेवी, करपावत्या, इतकेच काय, सुवर्णपदकाचे प्रमाणपत्रही.

खिडकीपलीकडे माझ्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. तिने विचारले, "कशासाठी जाता आहात?" मी मुलीच्या शिक्षणापासून प्रारंभ केला. तिने मध्येच विचारले, "किती दिवस राहणार?" मी म्हणालो, "गरज पडेल तितके दिवस." पुढचा प्रश्न, "येथे काय करता?" घसा कोरडा पडला होता. आपल्या सवयीच्या विनयाने मी म्हणालो, "आता विशेष काही नाही, निवृत्तच समजा." वास्तविक मी रोज सकाळी दवाखान्यात तीस-पस्तीस रुग्ण तपासत होतो! मग मी फाईल पुढे सरकवली. तिने ती उघडली नाही. पासपोर्टांसोबत एक छापील कागद परत आला. नातवाचा जन्म आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला. पहिल्या पंधरवड्यात मुलगी रात्री-अपरात्री फोन करून विचारी, "आई, हा रडायचा थांबत नाही, काय करू?" आणि सौ. येथून उत्तर देत. ती हळहळ अजूनही आहे.

काही दिवस मी त्या अधिकाऱ्याला दोष दिला. नंतर तो छापील कागद शांतपणे वाचला. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४ (ब) असे सांगते, की पर्यटक व्हिसाचा प्रत्येक अर्जदार हा कायमचा राहण्यासच येत आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यावे. म्हणजे संशय माझ्यावर व्यक्तिशः नव्हता. तो कायद्यानेच सर्वांवर सारखा ठेवलेला आहे. तो दूर करण्यासाठी अधिकाऱ्याजवळ बहुधा दोन-तीन मिनिटेच असतात. अशा वेळी "गरज पडेल तितके दिवस" या उत्तरातून परतीची तारीख हरवली होती, आणि "विशेष काही नाही" या उत्तरातून परतण्याचे कारणही. मी असत्य बोललो नव्हतो, परंतु सत्य अपुरे सांगितले होते.

याहून मोठा उलगडा माझ्याच ओपीडीत झाला. एक गृहस्थ जाडजूड फाईल घेऊन आले आणि दहा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेपासून सांगू लागले. मी सवयीने म्हणालो, "फाईल नंतर पाहू, आधी सांगा आज काय होते आहे?" आणि एकदम हसू आले. जन्मभर आपण मेजाच्या ज्या बाजूस बसतो, त्या बाजूस वकिलातीत ती अधिकारी बसलेली असते. आपण रुग्णाच्या जागी असतो. कोणत्या रुग्णाचा वृत्तांत आपल्याला लगेच उमगतो? जो विचारलेल्याचेच उत्तर देतो, कालावधी नेमका सांगतो आणि काही लपवीत नाही, त्याचा. हे आपण अधिक चांगले जाणतो, तरी त्या खिडकीपुढे विसरतो.

विसरतो ते का? कारण शरीरशास्त्र डॉक्टरांनाही सूट देत नाही. परीक्षेचा प्रसंग ओळखताच ॲड्रिनॅलिन स्रवते, नाडी वाढते, लाळ आटते, बोलणे भरभर होते. ही उत्तेजना संपूर्णपणे वाईटही नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की अवघड कामात मध्यम उत्तेजना उपकारक ठरते, अतिरेक मात्र घातक. म्हणून भीती समूळ घालविण्याचा अट्टहास नको, ती आटोक्यात असली म्हणजे पुरे. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयगती मंदावते. रांगेत उभे असताना मिनिटाला सहाच्या सुमारास श्वास घ्यावेत आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवावा. हे आपण रुग्णांना सांगतोच, स्वतःलाही सांगावे.

एक इशारा मात्र समव्यवसायी बंधुभगिनींना द्यावासा वाटतो. आपल्याच मनाने त्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल वा अल्प्राझोलॅम घेण्याचा मोह टाळावा. पहिले दमेकऱ्यास धोक्याचे आहे. दुसऱ्याने गुंगी येते आणि स्मरणशक्ती मंदावते, नेमकी जेव्हा ती हवी तेव्हा.

खरे धैर्य येते ते तयारीतून. डीएस-१६० हा अर्ज बहुधा मुले परदेशातून भरतात आणि आपण तो वाचतही नाही. अधिकाऱ्यापुढे मात्र तोच असतो. त्यातील शब्दन् शब्द स्वतः वाचावा. चूक असेल तर मुलाखतीपूर्वीच दुरुस्त करावी. त्यानंतर चार गोष्टी प्रत्येकी एका वाक्यात सांगता आल्या पाहिजेत : कोणाकडे व कशासाठी जातो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, आणि परत येऊन काय करणार. पाठांतर नको, पाठ केलेले उत्तर विस्मरणाने अडखळते, समजलेले अडखळत नाही. पतिपत्नींनी दोघांची माहिती एकमेकांस ठाऊक करून घ्यावी. इंग्रजीचा संकोच असेल तर मुंबईत मराठी, गुजराती वा हिंदीतूनही मुलाखत देता येते. तसे निःसंकोच सांगावे. मोबाईल आत नेता येत नाही, त्याची व्यवस्था आधीच करावी. कागद जवळ ठेवावेत, मागितल्यावाचून पुढे करू नयेत. आणि असत्य कदापि बोलू नये. महत्त्वाची बाब लपविल्याचे सिद्ध झाल्यास कायमची अपात्रता येऊ शकते.

नकारावर अपील नाही, परंतु पुन्हा अर्ज करता येतो. शुल्क मात्र नव्याने भरावे लागते. तेव्हा ते १६० डॉलर होते, जून २०२३ पासून १८५ झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी म्हणालो, "मुलीकडे, नातवाला प्रथमच भेटायला. सहा आठवडे. एप्रिलमध्ये दवाखाना पुन्हा सुरू करायचा आहे. तोवर माझा वर्गमित्र रुग्ण पाहील." अधिकाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारले, थोडे टंकलेखन केले आणि पासपोर्ट ठेवून घेतले. फाईल काखेतच राहिली.

शांतपणे बोलल्याने व्हिसा हमखास मिळतो, असा माझा दावा नाही. निर्णय त्यांचाच असतो, आणि व्हिसा मिळाला तरी किती दिवस राहता येईल हे तेथील विमानतळावरील अधिकारी ठरवितो. आपल्या हाती एवढेच, की आपले खरे वृत्त त्या तीन मिनिटांत अपुरे राहू नये.

आम्ही पोहोचलो तेव्हा नातू पाच महिन्यांचा होता. पडद्यावरचे आजोबा प्रत्यक्षात पाहून तो प्रथम रडला आणि मग माझा चष्मा ओढू लागला. मंडळातील ज्या आजी-आजोबांना यंदा त्या खिडकीपुढे उभे राहायचे आहे, त्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.