आयुर्वेद चिकित्सालयातील जैववैद्यकीय कचरा व परिचारकवर्गाची धोक्याविषयीची समजूत

आमच्या पालघर-बोईसर परिसरात वैद्यबंधूंशी जैववैद्यकीय कचऱ्याविषयी बोलू लागले की, ‘आपली औषधे वनस्पतिजन्य, आपणास तो नियम कशाला?’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. या समजुतीला थोडा इतिहास आहे. १९९८ च्या नियमांत दरमहा १,००० पेक्षा कमी रुग्ण असणाऱ्या दवाखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारपत्रातून सूट होती. मार्च २०१६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ती काढून घेतली. त्यांत आयुष रुग्णालयांचा नावानिशी उल्लेख आहे. नियम बदलला, समजूत मात्र जुनीच राहिली.

वस्तुतः रक्तमोक्षण, क्षारसूत्र, विद्धकर्म, बस्ती यांपैकी एखादे कर्म जेथे नित्य होते, तेथे असा कचरा निर्माण होतोच. प्रश्न आहे तो हाताळणाऱ्या व्यक्तीला धोका कशात वाटतो, हा.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात सफाई करणाऱ्या मावशींना विद्धकर्माची सुई तळहातास टोचली. आम्हांस ते कळले चौथ्या दिवशी. ‘मावशी, तेव्हाच का नाही सांगितलेत?’ असे विचारता त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, रक्त कुठे आले होते? हात धुतला, हळद लावली.’ याच मावशी जलौकेचे भांडे उचलताना पदर नाकाला लावीत आणि वमनाच्या खोलीत पाऊल टाकण्यास कुरकुरत. जे दिसते व ज्याला वास येतो, ते घातक. स्वच्छ चकाकणारी सुई निरुपद्रवी! तारापूर औद्योगिक वसाहतीच्या छायेत राहणाऱ्या माणसाने धोका नाकाने ओळखावा, यात नवल नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ही वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती.

परंतु सुईचे गणित वेगळे आहे. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस ‘बी’ होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३०, हिपॅटायटिस ‘सी’ची सुमारे १.८, तर एचआयव्हीची ०.३ असते. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मावशींच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली होती. सहा महिन्यांनी सर्व तपासण्या निर्दोष आल्या. तोवर आम्हां दोघांनाही स्वस्थ झोप नव्हती. चूक त्यांची नव्हतीच. सुई पिवळ्या पिशवीत टाकली होती ती आमच्याच साहाय्यक वैद्याने.

सुई, ब्लेड, सुरी ही पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातच जावीत, आणि तो डबा कर्म होते त्या टेबलाशेजारी हवा. कोपऱ्यात ठेवला की सुई वाटेतच कोठेतरी विसावते. सुईला टोपण पुन्हा बसवू नये. रक्त वा पू लागलेला कापूस, पट्टी, क्षारसूत्राचे तुकडे पिवळ्या पिशवीत. बस्तीच्या नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.

जलौकेविषयी थोडे. सुश्रुताने तिचे नीट वमन न झाल्यास तिला ‘इन्द्रमद’ हा व्याधी होतो असे सांगितले आहे. तेथे काळजी जलौकेची आहे. आज रुग्णाचीही घ्यावी लागते. एका रुग्णाची जलौका दुसऱ्यास कदापि लावू नये. तिने ओकलेले रक्तही निर्जंतुक केल्याविना मोरीत ओतू नये.

याउलट काढ्याचा चोथा किंवा रक्त, स्राव न लागलेली तेलकट पोटली हा साधा कचरा होय. भीतीपोटी तोही पिवळ्या पिशवीत भरला जातो आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा निरुपद्रवीच असतो.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. मुदत संपलेले रसकल्प, विशेषतः पारदयुक्त, दुकानामागे जाळू नयेत. पारा वाफेने हवेत जातो. ते पावतीसह उत्पादकाकडे परत पाठवावेत.

नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस ‘बी’ व धनुर्वाताची लस देणे मालकाचे कर्तव्य आहे. हिपॅटायटिसच्या मात्रा तीन : आज, एक महिन्याने व सहा महिन्यांनी. आमच्या मावशींची पहिली मात्रा सुई टोचल्यानंतर झाली, हे येथे नमूद करणे भाग आहे.