पदवीचा वारस

मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलचे नाव आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसालाही ठाऊक असते. ही अक्षरे ज्या सर जमशेटजी जीजीभॉय यांची, त्यांना १८४२ मध्ये ‘नाइट’ केले गेले. असा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पण नाइटची ‘सर’ ही पदवी माणसाबरोबरच संपते. १८५७ मध्ये ते ‘बॅरोनेट’ झाले, तेव्हा मात्र ती घराण्यात आली.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. त्या पदवीने उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही. पण ‘सर’ ही उपाधी बापाकडून मुलाकडे जाते. पुढचा वारस कसा ठरायचा, हे राजसनदेतच लिहिलेले असते. साधारण नियम औरस पुत्राचा, त्यातही थोरला आधी. ही पदवी विकता येत नाही, मृत्युपत्र करून दुसऱ्याला देता येत नाही.

अडचण पैशाची होती. संपत्तीच्या वाटण्या होत गेल्या, तर नातवाच्या हाती नुसतेच ‘सर’ उरायचे. म्हणून १८६० मध्ये खास कायदा झाला. पंचवीस लाखांचे सरकारी रोखे आणि माझगावचा वाडा पदवीलाच बांधून टाकला. शिवाय अट अशी, की प्रत्येक वारसाने मूळ पुरुषाचेच नाव घ्यायचे. १८५९ मध्ये जमशेटजी वारले आणि त्यांचे चिरंजीव कर्सेटजी पुढे सर जमशेटजी जीजीभॉय झाले! १९१० मध्ये मुंबईचे गिरणीमालक करीमभाई इब्राहिमही बॅरोनेट झाले.

बी.ए.ला इतिहास शिकताना मला या वारसाहक्कात मुलींना जागा नाही, याचे हसू आले होते. आमच्या शरियतमध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असला, तरी ठरलेला आहे, असे मी मित्रांना ऐटीत सांगायचो.

पुढे अब्बा गेले. अम्मी आधीच गेलेली. पवनीजवळची तीन एकर धानाची जमीन. मी एक, आपा एक. हिशेब सरळ होता, एक एकर तिचा. आपा आली, “मला माहेर आहे, जमीन कशाला?” म्हणाली, हक्कसोडपत्रावर सही केली आणि चहा पिऊन सासरी परतली. मी गप्प राहिलो. त्या दिवशी मला शरियतही आठवली नाही आणि इतिहासही.

राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारने अशा पदव्या देणे बंद केले. आमच्याकडची मालगुजारी १९५१ मध्ये गेली. मालगुजारांचे तलाव मात्र राहिले. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि त्यांच्या पाण्यावर आजही कुणाकुणाचे धान पिकते.

आपा दर ईदला येते. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. तिचा एक एकर तिला हिबा करून द्यावा, म्हणून मी कागद काढले आहेत. तिला अजून सांगितलेले नाही. ती नको म्हणेल, हे मला ठाऊक आहे. या वेळी मी तिचे ऐकणार नाही.