विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या वाटा आणि त्यांचे सांधे : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

दहावीचा निकाल लागला की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर एकच शिडी उभी राहते : विज्ञान शाखेतील अकरावी-बारावी, प्रवेश परीक्षा आणि अभियांत्रिकीची पदवी. या शिडीवरील एखादी पायरी निसटली, तर विद्यार्थी विज्ञानक्षेत्राबाहेर गेला असे मानले जाते. महाविद्यालयीन अध्यापकांच्या मार्गदर्शनातही हे गृहीत अनेकदा डोकावते. वस्तुतः या क्षेत्रात येण्याच्या वाटा पूर्वीपासून अनेक आहेत. खरा प्रश्न एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाण्याच्या सांध्यांचा आहे. पुणे शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभच मुळी पदवीने झालेला नाही. १८५४ मध्ये येथे अभियांत्रिकीचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली, ती सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम श्रेणीचे कर्मचारी घडविण्याकरिता. या वर्गातूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले आणि २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या संस्थेत आले ते बंगळूर येथे १८८१ मध्ये बी. ए. झाल्यानंतर. १८८३ मध्ये त्यांनी येथून स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण केली. त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसविण्यात आले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची वाट याहून निराळी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकण्यासाठी गेले. परंतु रंगांधळेपणामुळे त्यांना ती सोडावी लागली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवू लागले. बेळगावातील सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० मधील किर्लोस्करवाडी हे त्यानंतरचे टप्पे होत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

वाट पूर्ण करूनही दार बंद असल्याची उदाहरणे आहेत. १९७४ मध्ये टेल्को कंपनीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत अशी अट होती. तेव्हा बंगळूर येथे अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच पुढील काळातील सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या अटीस आक्षेप घेतला. त्यानंतर पुण्यात मुलाखत होऊन त्यांची निवड झाली. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कर्वेनगर येथे मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले.

आजच्या वाटा

दहावीनंतर अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत जाण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला बारावीचा : २ वर्षे अधिक ४ वर्षे. दुसरा तंत्रनिकेतनाचा : पदविकेची ३ वर्षे व थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळाल्यानंतर पदवीची ३ वर्षे. तिसरा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा : २ वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम, त्यानंतर पदविकेच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन २ वर्षे व पुढे पदवीची ३ वर्षे. म्हणजे पहिल्या दोन मार्गांना प्रत्येकी ६ व तिसऱ्यास ७ वर्षे लागतात. ज्या मार्गास सर्वसाधारणपणे ‘शेवटचा पर्याय’ समजले जाते, त्यास केवळ एक वर्ष अधिक लागते, ही बाब फार थोड्या पालकांना ज्ञात असते.

मूलभूत विज्ञानातही एकच मार्ग नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसर संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. तेथे प्रवेश न मिळालेला विद्यार्थी बी. एस्सी., एम. एस्सी. करून संशोधनाकडे वळू शकतो. आयुका येथील खगोलशास्त्राच्या पीएच. डी. साठी अभियांत्रिकीचे पदवीधरही अर्ज करू शकतात.

शालेय चौकटीबाहेरील प्रयोगही पुणे जिल्ह्यात झाला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगातील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत विज्ञान शिकणे, हे त्यामागील सूत्र होते. औपचारिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनाही तेथे तंत्रशिक्षण मिळाले.

सांध्यांवरील अडचणी

नियमाने दार उघडले, तरी आत टिकणे सोपे नसते. पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षात येणारा विद्यार्थी पदवीच्या प्रथम वर्षाचे गणित वर्गात शिकलेला नसतो. आंशिक विकलन, बहुविध संकलन यांची पुरेशी तयारी नसताना त्याला विकलक समीकरणे व लाप्लास रूपांतर यांना सामोरे जावे लागते. याखेरीज प्रवेशप्रक्रिया लांबल्यास पहिल्या काही आठवड्यांचे अध्यापनही हुकते. परिणामी तो विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो आणि ‘पदविकेची मुले कच्ची असतात’ हा समज दृढ होतो. ही उणीव बुद्धीची नसून सांध्याची आहे. याउलट आरेखन वाचणे, मोजमाप घेणे, यंत्र हाताळणे यांत हाच विद्यार्थी बारावीहून आलेल्या सहाध्यायांपेक्षा सरस ठरू शकतो. परंतु या कौशल्यास गुणपत्रिकेत अल्प स्थान मिळते.

अध्यापकांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुप्रवेश व बहुनिर्गमनाचे तत्त्व स्वीकारले आहे. तथापि, त्याची अंमलबजावणी अखेर वर्गातच व्हावयाची आहे. त्या दृष्टीने पुढील उपाय विचारार्ह वाटतात :

१. थेट द्वितीय वर्षात येणाऱ्यांसाठी सत्रारंभी गणिताचा पूरक वर्ग घ्यावा व तो वेळापत्रकाचा भाग असावा.
२. प्रयोगशाळेत पदविका व बारावी अशा दोन्ही वाटांनी आलेल्या विद्यार्थ्यांच्या संमिश्र जोड्या कराव्यात.
३. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पारिभाषिक संज्ञांच्या द्विभाषिक सूची विभागाने तयार कराव्यात.
४. कनिष्ठ महाविद्यालयांतील समुपदेशनात तिन्ही मार्ग, त्यांचा कालावधी व प्रवेशाचे नियम समान महत्त्वाने सांगावेत.

समारोप

वरील उपायांना मोठा निधी लागत नाही. मात्र, विद्यार्थी कोणत्या वाटेने आला यावरून त्याची योग्यता ठरविण्याची सवय सोडावी लागते. १८५४ चा वर्ग ज्यांच्यासाठी सुरू झाला, त्या हाताने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आजच्या पदवीवर्गात टिकवून धरणे हे आपल्या अध्यापनाचेच दायित्व आहे.