कात, कासवाची
कासवाच्या बाह्यत्वचेचा निर्जीव झालेला सर्वांत वरचा थर सुटून त्याखालील नवा थर उघडा होण्याच्या क्रियेस कात टाकणे किंवा निर्मोचन म्हणतात. ही वाढीची स्वाभाविक क्रिया असून रोग नव्हे. तथापि काही रोगांतही कातडी सुटते, त्यामुळे पाळीव कासवांच्या बाबतीत दोहोंत गल्लत होते व ती प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

स्वरूप : साप बहुधा अखंड कात टाकतो, कासवाची त्वचा मात्र मान, पाय व शेपटी यांवरून लहान तुकड्यांनी, निरनिराळ्या वेळी सुटते. पाण्यात हे तुकडे पातळ, पांढुरक्या पापुद्र्यांसारखे तरंगतात. कवचाच्या हाडांवर केरॅटीन या कठीण प्रथिनाचे शल्क असतात. गोड्या पाण्यातील अनेक जातींत त्यांचा जुना थर पारदर्शक चकतीसारखा निघतो. जमिनीवरील जातींत तो सहसा गळत नाही. थरांवर थर साचून वलये दिसतात. गोदावरीत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या कासवांना शल्क नसतात. त्यांचे कवच चामड्यासारख्या त्वचेने झाकलेले असते व पाण्यातील काही ऑक्सिजन ती त्वचेवाटेही घेतात.

पाळीव कासवांची निगा : शहरांतून काचेच्या टाकीत पाळले जाणारे कासव बहुधा लाल कानाचे असते. ही जात मूळची मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील होय. तिला पोहण्यापुरते स्वच्छ पाणी व पूर्ण कोरडे होता येईल असा उबदार दगड किंवा फळी लागते. पाणी सुमारे २४° ते २८° से. व ऊन खाण्याची जागा सुमारे ३०° ते ३२° से. असावी. उन्हातील जंबुपार किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे कॅल्शियम शोषले जाऊन कवच कठीण राहते. खिडकीची काच यांतील उपयुक्त किरण अडविते. म्हणून काचेआडचे ऊन या कामी पुरेसे नसते. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, हिवाळ्यातील किमान तापमान १०° से.च्या बरेच खाली जाते. अशा थंडीत उघड्या टाकीतील कासव मंदावते, खाणे व ऊन घेणे सोडते. अंग कोरडे न झाल्यास सुटे शल्क चिकटून राहतात व त्यांखालील ओलाव्यात सूक्ष्मजंतू आणि कवके वाढतात.

रोगलक्षणे : कात सुटलेल्या जागी खालची त्वचा अखंड व निरोगी रंगाची असेल आणि कासव नीट खात असेल, तर काळजीचे कारण नसते. त्वचा लाल किंवा रक्ताळलेली असणे, कापसासारखी पांढरी वाढ, कवचावर मऊ खड्डे, दुर्गंधी व सुस्ती ही रोगाची चिन्हे होत. अस्वच्छ पाण्यात सूक्ष्मजंतू जखमेतून रक्तात शिरल्यास कवचावर व्रण पडतात आणि मृत्यूही ओढवतो. अ जीवनसत्त्वाच्या अभावी पापण्या सुजतात. उलट या जीवनसत्त्वाच्या अतिरेकी मात्रेने, विशेषतः अंतःक्षेपणानंतर, कातडी सोलून निघते. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याविना ते देऊ नये.

सुटत असलेली कात ओढून काढू नये, कारण त्यामुळे खालचा कोवळा थर फाटतो. तेल किंवा हळद लावणे हा रोगावरील उपाय नव्हे. पाणी, ऊब व आहार सुधारणे हा पहिला उपचार होय. रोगलक्षणे दिसताच पशुवैद्यास दाखवावे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यास हाताळल्यावर हात साबणाने धुवावे. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर निर्बंध आहेत.

संरक्षण : चिखली कासव व तारा कासव यांसारख्या देशी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्या घरी पाळणे गुन्हा ठरतो. लाल कानाचे कासव वाढून २५ सेंमी. किंवा अधिक लांबीचे होते व कित्येक दशके जगते. नकोसे किंवा आजारी झाल्यावर ते गोदावरीत अथवा तलावात सोडणे अनिष्ट आहे. ते देशी कासवांशी अन्न व ऊन खाण्याच्या जागा यांसाठी स्पर्धा करते आणि आपले रोग त्यांच्यात पसरवू शकते.